पंक आणि पंकज

संस्कृतात ‘पंक’ म्हणजे चिखल. आमचे काही विद्यार्थी हल्ली हाच शब्द वापरतात, परंतु तो विलायतेचा. १९७६ च्या सुमारास लंडनमधील कावलेल्या तरुणांनी एक कर्कश, धावते संगीत सुरू केले. केस रंगवून उभे केले, फाटक्या कपड्यांना पिना टोचल्या, आणि सभ्य घरांत जे उच्चारू नये ते ध्वनिक्षेपकावर गायिले. त्याचे नाव ‘पंक’. या दोन शब्दांत व्युत्पत्तीचे नाते काडीचेही नाही. तरी दोहोंवर शिष्टांचा आक्षेप मात्र एकच: याने वस्त्रे मळतात!

नाट्यसंगीतावर वाढलेल्या माझ्या कानांना ते संगीत रुचत नाही. मला कुतूहल आहे ते त्याच्याभोवती उगवलेल्या कागदांचे. मार्क पेरी नावाच्या बँकेतील एका कारकुनाने जुलै १९७६ मध्ये ‘स्निफिन ग्लू’ नावाचे चोपडे काढले. मथळे हाताने लिहिलेले, मजकूर टंकलेला, प्रती झेरॉक्स केलेल्या. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या पन्नासच्या आसपास. पुढे खप हजारांवर गेला, तेव्हा साधारण वर्षभरातच त्याने ते आपण होऊन बंद केले. त्याच काळातील दुसऱ्या एका चोपड्याने गिटारीवरील तीन स्वरमेळांची चित्रे छापली आणि वाचकांस सुचविले की, एवढे भांडवल पुरे, आता आपला ताफा उभारा. या पंथाचे सार मला त्या चित्रात दिसते. ते गोंगाटात नाही. कोणाची परवानगी न मागण्यात आहे.

मराठी वाचकास येथे ओळखीची खूण पटावी, कारण हा उद्योग मुंबईत वीस वर्षे आधीच झाला होता. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले. पुढे ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’ अशी कितीतरी निघाली आणि बहुतेक अल्पायुषी ठरली. पूर्वीच्या मासिकांच्या नावांत ज्ञान, विस्तार, रत्ने, मनोरंजन असे काही भरघोस असे; येथे ‘असो’ म्हणून हात झटकलेले! १९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी प्रचलित मराठी वाङ्मयावर आपला प्रसिद्ध ‘क्ष-किरण’ टाकला. १९६९ मध्ये राजा ढाले व त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. कथेचा प्रदेशही याच सुमारास पालटला. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा मध्यमवर्गीय दिवाणखान्यात कधी न ऐकलेली मुंबई बोलू लागली.

परवानगीचे दार एकदा काढले की केरकचराच आत येतो, असे म्हणणारे रसिक आहेत. आक्षेप अगदीच निराधार नाही. त्या चोपड्यांतील बराच मजकूर आज वाचवत नाही. परंतु प्रतिष्ठित मासिकांच्या जुन्या फायलीही मी चाळल्या आहेत. तेथे द्वारपाल जागा असूनही आत शिरलेला कचरा काही कमी नाही. शिवाय परवानगी झुगारणे म्हणजे परिश्रम झुगारणे नव्हे. ‘शब्द’ काढणाऱ्या कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह शहाण्यांच्याच ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ मध्ये काढला, आणि त्यानंतरचे संग्रह येण्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मधल्या काळात हे गृहस्थ अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले! तीन स्वरमेळांवर भागवणाऱ्यांशी ज्याचे नाते लावावे, तो कवी पखवाजाचे बोल घोटवीत बसला होता. सारांश, प्रवेशास परवाना नको. मुक्कामास मात्र मेहनत हवी.

आम्हां रत्नागिरीकरांस बंडखोर कवी नवा नाही. येथून जवळच्या मालगुंडास १८६६ मध्ये केशवसुत जन्मले. १८९३ मध्ये त्यांनी ‘तुतारी’ लिहिली; १९०५ मध्ये ते निवर्तले, तोवर त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. आज मालगुंडास त्यांचे स्मारक आहे, शाळांच्या सहली येतात, आणि ‘तुतारी’वरील प्रश्नास गुण मिळतात. कोलटकर व ढसाळही आता अभ्यासक्रमात आहेत; मीच त्यांच्यावर टिपणे लिहून देतो. पंकज देवाच्या पायी वाहिले की पंकाची आठवण कोणास राहत नाही, ती ही अशी.

गेल्या पावसाळ्यात खारवी वस्तीतील एक विद्यार्थी सोळा पानांचे चोपडे घेऊन आला. काही कविता, दोन चिमुकल्या कथा, चाळीस प्रती काढण्याचा बेत. कानाला तेच कर्कश संगीत लटकलेले. “सर, प्रस्तावना द्याल?” मी नाही म्हटले. प्राध्यापकाचे नाव मुखपृष्ठावर आले की ते परवानापत्र होते, आणि परवाना नको म्हणूनच तर त्याने झेरॉक्सचे दुकान गाठले होते. पण मग ‘गोलपिठा’ आठवला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची; ती लिहिण्याआधी ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले होते, अनोळखी शब्दांचे अर्थ विचारीत. मी पेन्सिल घेतली आणि मला न कळलेल्या शब्दांची यादी केली. जाळ्यांचे, होडीच्या अंगांचे, वाऱ्यांचे असे सत्तावीस शब्द भरले. जन्म माझा रत्नागिरीतला! त्याने अर्थ सांगितले. काहींसाठी आजीला विचारून आला. दोन ओळी मात्र समजावून देता देता त्याने स्वतःच खोडल्या. चोपडे प्रस्तावनेवाचून निघाले.

ते टिकेल की नाही, मी सांगू शकत नाही, आणि त्याची मला घाईही नाही. आमच्याकडे आषाढात शेतकरी चिखलणी करतो ती कमळे उगवावीत म्हणून नव्हे, तर लावलेला तरवा मुळे धरावा म्हणून. पीक येईल तेव्हा येईल. आपण सुशिक्षितांनी बांधावर उभे राहून पंकजाची वाट पाहण्यापेक्षा एखादी लावणी तरी घोटाभर चिखलात उतरून पाहावी. वस्त्रे मळतील; ती धुता येतात.