वासाचा गुलाब

आमच्या आईच्या हातात कोणतेही फूल दिले की ते आधी नाकाशी जाते. पूर्वी ती ते डोळ्यांनीही पाहत असे. पण काचबिंदूने तिची नजर कडेकडेने कुरतडत आणली आणि शेवटी उरलीसुरलीही नेली. आता फुलाची सारी परीक्षा नाकाकडे आणि बोटांकडे. तिच्या चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला नातवंडांनी लाल गुलाबांचा भला थोरला गुच्छ आणला. एकेक फूल कसे घडवल्यासारखे! आईने त्यातले एक हाती घेतले, हुंगले, पुन्हा हुंगले, आणि कौतुकाने म्हणाली, "कागदाची केलीत होय? छान जमलीत हो!"

नातवंडे हिरमुसली. त्यांचा काही दोष नव्हता. ही तळेगावकडच्या हरितगृहांत वाढणाऱ्या जातीची फुले. खोक्यात दबू नयेत, फुलदाणीत आठवडाभर टिकावीत, म्हणून निवडून निवडून काढलेल्या या जाती. त्या निवडीत वास कुठेतरी मागे राहून गेला. वधूपरीक्षेत मुलीचे शिक्षण, उंची, पगार सगळे विचारावे आणि ती हसते कशी एवढे पाहायचे विसरावे, तशातलाच प्रकार.

आई माहेरची नाशिकची. मोगलाईत ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत, त्या गावची माणसे गुलाबाच्या बाबतीत जरा नाक वर करूनच बोलतात. त्या दिवशीही तिने वाड्याशेजारच्या वकिलांची बाग काढली. ती लहान असताना त्या बागेत एक गुलाब होता. तांबडा, पण इतका गडद की संध्याकाळी काळाच दिसे. "त्याचा वास आमच्या ओटीवर यायचा. आणि लाजाळू कसा होता सांगू? मान म्हणून वर करायचा नाही."

त्या मान खाली घालण्यावरून मला माग लागला. जर्मनीतल्या कोर्डेस यांनी १९३५ साली 'क्रिमसन ग्लोरी' नावाचा गुलाब काढला. काळसर मखमली तांबडा, वासाला भरपूर, आणि देठ इतका नाजूक की फूल खाली झुकायचे. वकिलांचा गुलाब तो हाच, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली. पण मी लावायला घेतला तो त्याच्या कुळातला दुसरा. क्रिमसन ग्लोरीपासून 'शार्लट आर्मस्ट्राँग', तिच्यापासून 'मिरँडी', तिच्यापासून 'क्रायस्लर इम्पीरियल' आणि त्याच्यापासून १९६३ साली फ्रान्समध्ये 'पापा मेयाँ'. म्हणजे चक्क खापरपणतू! आलाँ मेयाँ यांनी त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले. १९८८ साली जगभरच्या गुलाबप्रेमी संस्थांनी त्याला मानाच्या पंक्तीत बसवले. वास असा की खोलीत एक फूल ठेवले तर दिवा लावल्यासारखे व्हावे. प्रकृती मात्र नाजूक. बड्या घरच्या मुलाला पावसात भिजायची सवय नसते.

आणि आमची पवई म्हणजे पाऊसच. समुद्र इथून दिसत नाही, पण त्याचा दमट श्वास घरातल्या मिठाच्या बरणीलाही कळतो. पावसाळ्यात शंभर इंच पाणी पडते. १८९१ साली बांधलेला तलाव भरून वाहतो, आणि जून ते सप्टेंबर गुलाबाचे पान सकाळी ओले असते, दुपारी ओले असते आणि रात्रीही ओलेच. तरी बागाईत इथे नवी नाही. फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात पवईच्या आपल्या इस्टेटीत आमराई लावली आणि १८३८ साली थेट राणी व्हिक्टोरियाला आंबे धाडले. पण आंबा वेगळा, गुलाब वेगळा. १९५९ च्या मार्चात नेहरूंनी पवईत आयआयटीची कोनशिला बसवली, तेव्हा त्यांच्या छातीवर नेहमीची ती गुलाबाची कळी असलीच, तर ती पवईत उमललेली खासच नव्हती.

माझी बाग बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद. तळमजल्याला राहण्याचे जे काही तोटे आहेत त्यांची ही भरपाई. झाड लावायचे ते मृगात, एवढे एकच बागकामाचे सूत्र मला ठाऊक होते. त्याप्रमाणे पुण्याहून आणलेले कलम मी जूनमध्ये लावले. खाली मुरूम, वर पाऊस. खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजली. पानांवर काळे ठिपके आले, ती पिवळी पडली, आणि गणपती येईपर्यंत तिथे नुसती काटकी उरली.

दुसरे कलम हिवाळ्यात लावले. ते मात्र असे झपाट्याने फोफावले की मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो. "अहो, त्याला किती लाडावणार?" असे घरातून ऐकूही आले. वर्षभर शेणखत घातले, निंबोळी पेंड घातली. मग एके दिवशी पुंजक्यापुंजक्याने फिकी गुलाबी, बटणाएवढी फुले आली. माळीकाका आले, खाली वाकले आणि हसू दाबत म्हणाले, "साहेब, डोळा केव्हाच मेला. तुम्ही खुंट वाढवलात." ज्या जंगली खुंटावर पापा मेयाँचा डोळा भरला होता, त्याच्या बुडातून आलेली फूट मी वर्षभर खापरपणतू म्हणून कुरवाळली होती! आईने ते फूल हुंगले आणि काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला जास्त लागले.

तिसऱ्या वेळी मी सारे माळीकाकांच्या हाती सोपवले. दोन फूट खड्डा, तळाला विटांचे तुकडे, वाफा जमिनीपासून वीतभर उंच. जागा पूर्वेकडच्या भिंतीशी. अकरापर्यंत ऊन, मग सावली. गडद पाकळी ऊन फार पिते. दुपारच्या उन्हात तिच्या कडा करपतात आणि रंग जांभळट होतो. पावसाळ्यात ठिपका पडलेले पान दिसले की खुडायचे, खाली पडलेले उचलून टाकायचे, कारण थेंब आपटला की रोगाचे बीज वरच्या पानावर उडते. सकाळी चहाच्या आधी मी ती पाने वेचत असे. एवढ्या नेमाने मी आयुष्यात कधी देवपूजा केली नाही.

झाड जगले. नवरात्रात त्याला तीन कळ्या आल्या. आणि माळीकाका कात्री घेऊन उभे राहिले!

पाऊस गेला की गुलाब छाटायचा, मग दीड-दोन महिन्यांनी खरे फूल. न छाटले तर दिवाळीला फूल मिळेल, पण किरकोळ, पावसाने दमलेल्या फांदीचे. दिवाळीनंतर छाटले तर फूल जानेवारीत, आणि मुंबईची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. हिशेब सोपा होता. पण त्या वर्षी गणपतीत आई तापाने अंथरुणाला खिळली होती आणि अजून भिंत धरूनच चालत होती. शहाऐंशी वर्षांच्या बाईला डिसेंबरचा वायदा करायचा? मी माळीकाकांना म्हटले, "यंदा राहू द्या."

आईने आतून ऐकले. भिंत चाचपत बाहेर आली. "का राहू द्या? नाशिकला दसऱ्याला छाटत."

"आई, दिवाळीला लक्ष्मीपुढे ठेवायला तुला फूल नको का?"

"लक्ष्मीला झेंडू चालतो. तू काप."

माझ्या मनातले तिला कळले होते, आणि तिला कळले हे मला कळले. कात्री मी माळीकाकांच्या हातून घेतली. कापलेल्या तीन कळ्या पेल्यात ठेवल्या; त्या उमलल्या नाहीत. दिवाळीत अंगणात पणत्यांच्या रांगेमागे चार बोडक्या काटक्या उभ्या होत्या, आणि भाऊबीजेला आलेल्या बहिणीने विचारले, "हे काय लावलंयस?"

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फूल उमलले. मी ते तोडले नाही. सकाळी ऊन नुकते पोचत होते, तेव्हा आईला शाल पांघरून झाडाशी नेले आणि तिचा हात काट्यांतून वाट काढत फुलाखाली ठेवला. तिने आधी देठ चाचपला.

"याची मान ताठ आहे रे. तो नव्हे हा."

माझा चेहरा पडला. तो तिला दिसत नव्हता हे बरे. मग ती वाकली. किती वेळ वाकून राहिली कोण जाणे. मला तिच्या कमरेची काळजी वाटू लागली. वर होऊन म्हणाली, "पण त्यांच्याच घरातला आहे."

वंशावळीचे मी तिला एका शब्दाने सांगितले नव्हते.

यंदाही दसऱ्याला छाटले आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे काटक्याच असतील. मात्र त्यांवर तांबूस फूट येऊ लागली आहे, आणि आई रोज सकाळी बाहेर येऊन एकेका फांदीवरून बोट फिरवते. काल आत येऊन सांगत होती, काटे अजून मऊ आहेत म्हणून.