हूक कुठाय?

सध्या आमच्या बिल्डिंगला रंग चाललाय. बांबूची परांची बांधलीय. ह्या वेळी कामगारांना पट्टे दिलेत म्हणून सोसायटीत सगळे खूश. पण नीट बघितलं तर बऱ्याच जणांचे हूक कमरेलाच लोंबतायत, नाहीतर पायाखालच्या बांबूला अडकवलेत! परांचीच कोसळली तर पट्टा काय करणार?

खरं तर गच्चीवरच्या पक्क्या खांबाला वेगळी दोरी बांधून पट्टा तिला अडकवायचा, तोही डोक्याच्या वर. १.८ मीटरची दोरी पायाशी अडकवली तर माणूस तीनेक मीटर पडल्यावर ती ताणली जाते. नुसता कमरपट्टा असेल तर तो हिसका पोटाला आणि मणक्याला. मांड्या-खांद्यांवरून जाणारा पट्टा तो वाटून घेतो. तरी लटकलेल्याला काही मिनिटांतच खाली घ्यावं लागतं, मांड्या आवळून रक्त अडतं.

एकाला विचारलं, तर म्हणाला, "काका, सारखं काढत-लावत बसलो तर काम कधी होणार?" त्याचंही बरोबरच आहे. पण दोन हूकवाली दोरी मिळते ना, दुसरा लावल्याशिवाय पहिला काढायचाच नाही. ती त्याने स्वतःच्या मजुरीतून आणायची का?

तुमच्याकडे रंगकाम निघालं तर हे सगळं कोटेशनमध्येच लिहून घ्या. दर थोडा वाढेल. वाढू दे.