सुई गिळू द्यावी

उंदराला उलटी करता येत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांना तोंडावाटे डोस द्यायला शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी हे सांगतो. आपण आत सोडलं ते त्याला बाहेर टाकता येत नाही, आणि श्वासनलिकेत गेलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

गणित सोपं आहे. साधारणपणे किलोला 10 मिलिलिटर, म्हणजे 25 ग्रॅमच्या उंदराला पाव मिलिलिटर. वजन त्याच दिवशीचं. सुई 20 गेजची, बोथट गोळीच्या टोकाची. ती अंगाला बाहेरून लावून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून घ्यायची. एवढं कागदावर लिहून देता येतं. पकड मात्र हातानेच शिकावी लागते.

मानगुटीची सैल कातडी कानांच्या अगदी मागे, अंगठा आणि तर्जनीत धरायची, शेपटी करंगळीखाली. पकड ढिली झाली तर डोकं वळतं आणि सुई अन्ननलिकेला इजा करते. फार घट्ट झाली तर गळा आवळतो. डोकं किंचित मागे नेलं की तोंड आणि अन्ननलिका एका रेषेत येतात. मग पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, बाजूने, टाळूला लगटून सुई आत. इथे थांबायचं. उंदीर गिळतो आणि सुई जवळजवळ आपल्याच वजनाने खाली सरकते. अडली, ठसका लागला, नाकाशी थेंब दिसला, तर लगेच काढायची. जोर कधीच लावायचा नाही. नवखे सुईकडे बघत राहतात. मी त्यांना छातीकडे, श्वासाकडे बघायला लावतो.

खरं काम डोसच्या आधीच सुरू होतं. शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसाला जास्त घाबरतात, हे लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010मध्ये दाखवलं. म्हणून आमच्याकडे पिंजऱ्यात नळी असते. उंदीर तिच्यात शिरला की नळीसकट उचलायचा. सुईविना हाताळण्याची सवय आधी लावायची. घाबरलेल्या जनावराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि ते निष्कर्षात मिसळतं, हे खरंच. पण तसं नसतं तरी मी हेच शिकवलं असतं. भीती त्याला वाटते, आणि ती आपल्या हातामुळे.

झुरिचच्या संशोधकांनी 2020मध्ये गोड आटवलेल्या दुधात औषध मिसळून पिपेटच्या टोकावरून उंदरांना पाजलं. थोड्या सरावाने ते आपणहून पितात. सगळी औषधं अशी देता येत नाहीत, काहींची चव दुधातही लपत नाही. तरी प्रस्ताव प्राणी नीतिमत्ता समितीकडे जाण्याआधी मी संशोधकाला विचारतोच, हे पाजून बघितलंत का? बहुतेक वेळा बघितलेलं नसतं.