परिशेषाची साक्ष

जें दिसत नाहीं तें मानावें कसें, हा प्रश्न नैयायिकांनीं पुष्कळ खल करून सोडविला आहे. त्यांच्या ‘शेषवत्’ अनुमानाचा एक अर्थ असा कीं, इतर सर्व शक्यतांचा निषेध झाल्यावर जें उरेल तें ग्राह्य धरावें. १९३० सालीं वोल्फगांग पाउलीनें हेंच केलें. किरणोत्सर्गाच्या एका प्रकारांत ऊर्जेचा जमाखर्च जुळेना. तेव्हां कोणी विद्युद्भाररहित सूक्ष्म कण ती घेऊन पसार होत असला पाहिजे, असा त्यानें तर्क बांधला. प्रत्यक्षास २६ वर्षें लागलीं. १९५६ सालीं अमेरिकेंत रेन्स व कोवन यांनीं अणुभट्टीजवळ हा न्यूट्रिनो पकडला.

आमच्या ऋषींना हें सर्व ठाऊक होतें, असें सांगणारे व्याख्याते हल्लीं फार झाले आहेत. आम्हांस संस्कृताचा अभिमान आहे, म्हणूनच तें बोलणें रुचत नाहीं. न्यायशास्त्रानें विचाराची पद्धति दिली; उपकरण दिलें नाहीं.

उपकरणाची गोष्ट मोठी रसाळ आहे. जिनीव्हाजवळ २७ किलोमीटर घेराच्या यंत्रांत प्रोटॉनांच्या टकरी होतात व त्यांतून न्यूट्रिनो विपुल निघतात. तरी तेथें वर्षानुवर्षें एकही कोणाच्या हातीं लागला नाहीं. कारण सर्वांत जोमदार न्यूट्रिनो प्रोटॉनांच्याच वाटेनें सरळ पुढें जातात, आणि टकरीभोंवतींच्या प्रचंड उपकरणांत नेमकें तेथेंच प्रोटॉनांच्या नळीसाठीं भोंक असतें!

‘फेसर’ मंडळींनीं मग टकरीच्या जागेपासून ४८० मीटरांवर, एका जुन्या बोगद्यांत, ठाणें मांडलें. मधला खडक बहुतेक कण अडवितो. न्यूट्रिनोस खडक काय आणि हवा काय! ठाण्यांत टंगस्टनचे सातशेंहून अधिक पत्रे व दोन पत्र्यांमध्यें छायाचित्राच्या फिल्मसारख्या पट्ट्या, मिळून वजन सुमारें १.१ टन. क्वचित् एखादा न्यूट्रिनो टंगस्टनच्या अणुकेंद्रावर आदळतो व त्यांतून म्यूऑन हा विद्युद्भारित कण उडतो. खडक भेदून बाहेरचे म्यूऑनही येतातच. म्हणून दाराशीं पहारेकरी यंत्रें आहेत. आंत शिरतांना कोणी दिसलें नाहीं, पण मागील बाजूनें म्यूऑन बाहेर पडला, तर तो आंतच जन्मला असला पाहिजे. पुन्हां परिशेषच. असे १५३ प्रसंग मार्च २०२३ मध्यें जाहीर झाले.

२०२४ सालीं त्या पट्ट्यांच्या थोड्याशा भागाचीच तपासणी पुरी झाली, तेवढ्यांत म्यूऑन जातीचे ८ व इलेक्ट्रॉन जातीचे ४ न्यूट्रिनो ओळखतां आले.