उन्हाचा वाटा

आमच्या फ्लॅटमधली सगळ्यात ओली जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. पुण्याच्या बिल्डरांना हे नाव कुठून सुचलं कोण जाणे. स्वयंपाकघराला चिकटलेला चिंचोळा तुकडा, तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला शेजारच्या इमारतीची पाठ. त्यात वॉशिंग मशिन, बादल्या, झाडू, आणि वर पुलीने खाली-वर होणाऱ्या सहा दांड्या. ऊन येतं ते सकाळी अर्धा तास, तेही समोरच्या भिंतीवर. दक्षिणेची मोठी गॅलरी बैठकीच्या खोलीला. तिथे दिवसभर ऊन सोफ्यावर लोळत असतं. सोफ्याचा रंग उडाला आणि टॉवेल मात्र कुबटच राहिले.

मोठ्या गॅलरीत कपडे का नाहीत, तर सोसायटीचा नियम आहे. इमारतीचं ‘एलेव्हेशन’ बिघडतं. माणसं राहतात हे बाहेरून कळू नये, असा काहीसा आग्रह.

गिरगावात आम्ही दोन खोल्यांत आठ माणसं होतो आणि ते लपवायला जागाच नव्हती. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे गॅलरीतल्या दोऱ्यांवर वाचता येई. पण आजीचं लुगडं गॅलरीत कधी गेलं नाही. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते आत, छताला दोन दोऱ्यांनी टांगलेल्या बांबूच्या दांडीवर वाळे. तिथवर हात पोचत नसे. ओल्या लुगड्याची लांबट घडी करून आजी ती काठीच्या टोकावर अडकवायची, अलगद उचलून दांडीपलीकडे सोडायची, आणि मग त्याच काठीने एकेक पदर सरकवत सगळं कापड सुरकुती न ठेवता पसरायची. दोन मिनिटांचं काम, पण मला अजून जमत नाही. खाली फरशीवर थेंबांची सरळ रेघ पडे. कपडे माणसांच्या डोक्यावर, माणसं कपड्यांच्या खाली, आणि जेवणाची पानंही तिथेच.

पूजेचं सोवळं सगळ्यात उंच दांडीवर. आदल्या दिवशी धुऊन वर जाई आणि सकाळी कुणाचा हात लागायच्या आत काठीनेच खाली येई. लहानपणी मला ती जादू वाटे. भांडी घासायला येणाऱ्या बाई त्या दांडीखालून अंग चोरून जायच्या. काठी कापड जितकं वर धरत होती तितकंच माणसांना लांब ठेवत होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आणि काही कपड्यांच्या वाट्याला दांडीच नव्हती. आईच्या, आत्याच्या पाळीच्या घड्या मोरीमागच्या अंधाऱ्या खुंटीवर, एका जुन्या परकराखाली असत. वाळत कसल्या, आंबतच असत. उन्हातल्या अतिनील किरणांनी जंतू मरतात हे मी शाळेत शिकले आणि पेपरात लिहून मार्कही मिळवले. घरातल्या ज्या कापडाला त्या किरणांची सगळ्यात जास्त गरज होती त्यालाच ऊन दाखवायचं नाही, हे मात्र शिकवावं लागलं नाही, ते आपोआप आलं. ऊन फुकट होतं, पण वाटून दिलेलं होतं.

माझा धाकटा भाऊ वीज कंपनीतून निवृत्त झाला. त्याला प्रत्येक गोष्ट युनिटमध्ये मोजायची खोड आहे. ड्रायर घ्यावा का, असं मी सहज विचारलं तर त्याने वर्तमानपत्राच्या कडेवर हिशेब मांडला. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.67 युनिट ऊर्जा लागते. 75 वॉटचा पंखा नऊ तास फिरवावा तेवढी. मशिनने गरागरा पिळल्यावरही एका धुण्यात दोनेक लीटर पाणी उरतंच, आणि साधा ड्रायर या हिशेबापेक्षा जास्तच वीज खातो. “एवढं काम सूर्य रोज करायला तयार आहे ताई, आणि तू त्याला ड्राय बाल्कनी दाखवतेस!”

तसं एकट्या सूर्याचं श्रेय नाही. हवेलाही तहान लागावी लागते. पुण्याच्या मे महिन्यात जीन्ससुद्धा दुपारपर्यंत खडखडीत होते. मुंबईच्या जुलैत हवाच पिऊन तर्र. हात लावला की कपडा ओला आहे की नुसता गार, तेच कळेना. तेव्हा कोळशाच्या शेगडीवर वेताची पाटी पालथी घालून आई या भावाचीच दुपटी वाळवायची. ती उबदार, धुरकट लागत. आता मी पुलीखाली पंखा लावते. त्याने ओल्या कापडाला बिलगून राहिलेली दमट हवा हलते, एवढंच, पण तेवढं पुरतं.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मावसबहिणीकडे गेले होते तेव्हा तिने ड्रायरची जाळी काढून दाखवली. पिंजलेल्या कापसाचा करडा थर. “आपलेच कपडे आहेत गं हे, चिमूट चिमूट करून फेकतो आपण.” मागे अंगण होतं, बारा महिने ऊन होतं, पण तिच्या वसाहतीचा दोरीला विरोध, शेजारच्या घरांची किंमत पडते म्हणे. एवढ्या लांबही तेच एलेव्हेशन! पुढे 2015 मध्ये तिथल्या राज्याने कायदा केला आणि आपल्या खासगी अंगणात दोरी बांधायचा हक्क लोकांना परत मिळाला. गॅलरीचा कठडा मात्र त्या कायद्यात दोरी म्हणून धरत नाहीत. गिरगावचं काही खरं नव्हतं.

मागच्या महिन्यात मुलगी चार दिवस राहायला आली. आल्या दिवशी तिने ड्राय बाल्कनीत डोकावून नाक मुरडलं आणि एक घडीचा स्टँड आणून मोठ्या गॅलरीत उघडला. कठड्यापेक्षा बुटका, त्यामुळे सोसायटीला बोलायला जागा नाही. सगळे कपडे झटकून झटकून घातले, रंगीत उलटे करून. स्वतःचे आतले कपडे पहिल्या दांडीवर, सगळ्यांत पुढे, भर उन्हात. तिच्या पाळीच्या कापडी पट्ट्याही तिथेच, चिमटे लावून.

बेल वाजली. दूधवाला पैशांसाठी आला होता. दारातून गॅलरी थेट दिसते. मी एक मोठा टॉवेल घेऊन लगबगीने निघाले आणि पहिल्या दांडीवर टाकणार, एवढ्यात ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “आई, ऊन अडतंय.”

मी टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग दूधवाल्याचे पैसे दिले आणि टॉवेल ड्राय बाल्कनीतल्या पुलीवर टाकून आले.