मातीखालची भर

आमच्या चाळीत दिवाळीच्या किल्ल्याची उंची मातीची कधीच नसायची. खाली विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, एखादं गळकं घमेलं पालथं. त्यावर चिखलात बुडवून काढलेलं गोणपाट आणि वर हाताने लिंपलेली माती. हा थर बोटभरही जाड नसे, पण अळीव उगवायला तेवढा पुरे. नुसत्या मातीचा किल्ला करणारी मुलंही होती. त्यांचा बालेकिल्ला भाऊबीजेपर्यंत माचीवर उतरलेला असायचा.

पुढे कोकणात काकांचं घर बांधायला काढलं तेव्हा जोत्यात भर घालताना पाहिली. आधी दगडगोटे, मग मुरूम, पाणी मारायचं, धुमसाने चोपायचं, पुन्हा मुरूम. काकांना लाद्यांची घाई, गवंडी ढिम्म. भर आत्ता बसली तर बरी, नंतर बसेल तेव्हा लादीला घेऊन बसेल, असं त्याचं म्हणणं. काका गप्प बसले.

ही दोन्ही कामं मला उपयोगी पडली ती थेट बैठकीतल्या काचेच्या टाकीत. पाणवनस्पतींची टाकी लावणाऱ्याला टेकडी हवीच असते, आणि त्याचं कारण निव्वळ हौस नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. त्यामुळे ३० सेंटिमीटर रुंदीची टाकी भरली की समोरून जेमतेम साडेबावीस सेंटिमीटर खोल दिसते. पाणी पाव भाग गिळून टाकतं. पुढच्या काचेपाशी मातीचा थर तीन-चार सेंटिमीटर आणि मागे पंधरा ठेवला, तर नजर चढ चढत मागे जाते आणि गेलेली खोली डोळ्यांपुरती परत मिळते.

पण हे पंधरा सेंटिमीटर नुसत्या मातीने भरायचे म्हटलं तर किल्ल्याचंच होतं. सुट्या दाण्यांचा ढीग तीस-पस्तीस अंशांपलीकडे उभा राहत नाही. त्यातून गोगलगायी, कोळंब्या आणि तळ उकरणारे मासे रोज थोडा थोडा खाली ओढतात. भाजलेल्या मातीचे दाणे म्हणजे ॲक्वासॉइल. ते कालांतराने भुगा होतात, की चढ आणखी खचतो. शिवाय बारीक मातीच्या जाड थरात प्राणवायू पोचत नाही. तिथे वेगळेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ओळखीच्या एका घरी टाकी मोडताना मागच्या कोपऱ्यातून काळी माती निघाली आणि कुजक्या अंड्यांच्या वासाने पाहुणे गॅलरीत गेले.

म्हणून भर दगडांची. लाव्हा रॉक बादलीत लालसर पाणी सुटायचं थांबेपर्यंत धुवायचे आणि जाळीच्या पिशव्यांत भरायचे. पिशवी गच्च भरायची नाही. थोडी ढिली असली तर थापटून हवी तशी बसते. तळाच्या काचेवर आधी फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखाली असते ती चौकोनी प्लॅस्टिकची जाळी, म्हणजे दगडाचा कोपरा काचेवर एकाच जागी टेकत नाही. पिशव्या पुढच्या आणि बाजूच्या काचांपासून चार बोटं आत ठेवायच्या, नाहीतर समोरून गोणपाट दिसलेल्या किल्ल्यासारखी शोभा. वर बारीक खडी, मग माती. छिद्राछिद्रांच्या या दगडांतून पाणी फिरतं, आणि चांगल्या जिवाणूंना राहायला जागा मिळते.

काहीजण थर्माकोल चिकटवून डोंगर करतात. हलका, स्वस्त, कापायला सोपा. मला नाही पटत. ज्याचा स्वभावच तरंगायचा, त्याला जन्मभर सिलिकॉनने दाबून ठेवायचं कशाला?

पाणवनस्पतींच्या टाक्यांच्या या कलेतले नावाजलेले गुरू म्हणजे जपानच्या निइगाताचे ताकाशी अमानो. ते छायाचित्रकारही होते, आणि १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या पद्धतीतही वरच्या मातीखाली सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा थर असतो. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची टाकी उभी केली, आणि त्याच वर्षी ते गेले. तिच्यात अझोरेस बेटांवरचा ज्वालामुखी दगड टनांनी रचला आहे.

माझी टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३६ उंच, काठोकाठ ६४.८ लिटर. टेकडीत पिशव्यांमधल्या फटी सोडून जेवढा दगड, तेवढं पाणी वजा. स्पर्धेतल्या टाक्यांमध्ये पाण्याच्या पृष्ठभागाला भिडलेले कडे दिसतात तेव्हा मी आधी मासे शोधतो. बिचारे पुढच्या पट्ट्यात येरझारा घालत असतात. फोटो सुंदर येतो, पण दिवाणखान्यातली टाकी फोटोसाठी नसते.

माझ्या टेकडीवर मागे क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस आहे. ही आपल्याच पश्चिम घाटाकडची, ओढ्याकाठच्या चिखलात वाढणारी वनस्पती. हिची भूक मुळांतून. मध्यंतरी एक रोप विरळ करायला गेलो तर हलेना. बोटांनी माती बाजूला केली. मुळं जाळी भेदून दगडांच्या छिद्रांत शिरलेली, आणि रोपाबरोबर अख्खी पिशवी वर यायला लागली. घाईने परत दाबली. आता कधी टाकी बदलायची वेळ आली, तर झाड, पिशवी आणि दगड एकत्रच उचलावे लागणार, आणि तो ऐवज मावायला नवी टाकी निदान ९० सेंटिमीटरची लागणार. घरात हे अजून सांगितलेलं नाही.