कांडी

यंत्रमागाच्या खडखडाटाची इतकी सवय झालेली असते की तो थांबला की दचकायला होतं. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही विचारा. त्या दुपारी वीज गेली, घरामागच्या शेडमधले माग बंद पडले आणि बारीक, चिरका आवाज आला. वीज आली, आवाज गडप. पुन्हा गेली, पुन्हा तोच. संध्याकाळपर्यंत मांजरी फिरकली नाही, तेव्हा कामावरच्या पोरानं सुताच्या कांड्यांच्या खोक्यात हात घातला आणि मिटल्या डोळ्यांचं पिल्लू बाहेर काढलं. "घेऊन जावा की ताई, इथं मशिनीत येईल बघा."

नाव शोधावं लागलं नाही. कांडी.

शेजारच्या अम्मा कुंपणावरूनच म्हणाल्या, "आधी ऊब दे गं, दूध कुठं पळून चाललंय?" खरंच आहे ते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला भोवती तीसेक अंशांची हवा लागते. दुसऱ्या गावात गरम पाण्याची बाटली, शेगडी असं सगळं करावं लागलं असतं. इथं एप्रिल होता, आम्ही फक्त कूलर बंद केला. सोलापूरचं ऊन कुणाच्या कामी आलेलं मी प्रथमच पाहिलं. घामाघूम झालो ते आम्ही.

दूध गाईचं नाही, म्हशीचं तर नाहीच, त्यानं पिल्लाचं पोट बिघडतं. पिल्लांसाठीची पावडर कोमट पाण्यात कालवून ड्रॉपरनं पाजायची, तीही पालथं धरून. बाळासारखं उताणं घेतलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की खरं काम. इतक्या लहान पिल्लाला आपलं आपण शूसुद्धा करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. आम्ही सोलापुरी टॉवेलचा कोपरा ओला करून हलकेच पुसायचो. त्याचे उभे धागे मांजरीच्या जिभेसारखे खरखरीत असतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. माझ्या आईची पाळी पहाटेची, कारण भूपाळ्या तिला तशाही ऐकायच्या असतात.

अशाच एका रात्री मला मार्जारकिशोरन्याय आठवला. रामानुजाचार्यांच्या मागून श्रीवैष्णवांत दोन तट पडले. वडकलै म्हणाले, भक्तानं माकडिणीच्या पिल्लासारखं देवाला घट्ट धरून ठेवावं. तेन्कलै म्हणाले, छे, मांजरीच्या पिल्लासारखं निवांत पडावं, देव मानगूट धरून नेईल. एकीकडे वेदान्तदेशिक, दुसरीकडे पिळ्ळै लोकाचार्य, दोघेही मोठे पंडित. पण रात्री दोन वाजता उठून त्यांच्यापैकी कुणी पिल्लू पाजलं असेल असं वाटत नाही. मानगुटीला धरलं की पिल्लू पाय पोटाशी घेऊन निपचित लटकतं, एवढं खरं. बाकीच्या वेळी ते ओरडतं, ढुशा देतं, आणि त्या वयात नखं आत ओढता येत नसल्यानं मनगटाची चाळणी करतं. याला शरणागती म्हणायची असेल तर म्हणा. आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपुरानं या वादाचा निकाल केव्हाच लावलाय: वारकरी स्वतःच्या पायांनी चालत जातो, आणि ज्याच्याकडे जातो त्याला माउली म्हणतो. माकडही तोच, मांजरही तोच. मला हा तोडगा तमिळ आचार्यांपेक्षा जास्त पटतो, पण मी पडले सोलापूरची.

दहाएक दिवसांत डोळे उघडले, निळे. सगळ्याच पिल्लांचे निळे असतात, खरा रंग पुढे येतो. कांडीचे पिवळे निघाले. अम्मा म्हणतात त्यांना आधीच माहीत होतं. अम्मांना सगळंच आधी माहीत असतं.

आता उन्हाळ्यात पत्र्याआड, जिन्याखाली, सुताच्या ढिगात पिल्लं दिसतील. लगेच उचलू नका. मांजरी एकेक करून घर बदलते, आपल्याला टाकलेलं वाटतं ते पुष्कळदा पुढच्या खेपेची वाट बघत असतं. दोन-तीन तास लांबूनच लक्ष ठेवा, आपण जवळ उभे असलो तर ती येत नाही. पिल्लू गार लागलं, जखमी असलं किंवा आई आलीच नाही, तर मात्र उचला, उबेत ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. आणि वाटीत म्हशीचं दूध नको.